डोहाकाठचं दळण

(नरसिंहपूरचा घाट. भीमेच्या डोहाकाठी पद्मा हातपंप मारते आहे. पंपाची रबरी नळी पाण्यात गेली आहे. जवळच तिची लहान मुलगी विनू. नुकतीच ओळख झालेली गोजरबाई वांग्यांची टोपली घेऊन पायरीवर नावेची वाट बघते आहे.)

गोजरबाई : म्हंजी आत मानूस हाय म्हनता?

पद्मा : आहे. आमचे हे. ते बुडबुडे दिसतात ना, त्याच्या खाली.

गोजरबाई : आगं बया! आन् तुमी हितं मोटारीच्या चाकात हवा भरल्यावानी...

पद्मा : हीच हवा त्यांना जाते. डोक्यावर पत्र्याचा डबा घातलाय, पुढं काच बसवलेला. इथून हवा गेली की तिथं श्वास.

गोजरबाई : आन् न्हाय गेली की?

पद्मा : म्हणून मी मारतेय. विनू, इकडं बस. पायरीवर नाही जायचं.

गोजरबाई : काय सांडलंय म्हनायचं खाली? नथ?

पद्मा : काही सांडलं नाही. मासे बघतात. कुठल्या जातीचे आहेत, कुठल्या कपारीत राहतात. हे बारामतीला शाळेत शास्त्र शिकवतात. हे आणि त्यांचे मित्र वसंतराव, रविवार आला की दोघं इथं.

गोजरबाई : सरकारचं काम व्हय?

पद्मा : कुणाचंच नाही. स्वतःची हौस.

गोजरबाई : मासं बघायचं तर जाळं टाकावं की.

पद्मा : या डोहात टाकू देतं का कुणी?

गोजरबाई : छ्या! देवाचं मासं हायती ते.

पद्मा : म्हणूनच खाली उतरावं लागतं.

गोजरबाई : आन् त्ये दुसरं, वसंतराव?

पद्मा : तापानं पडलेत. पंप त्यांच्याकडं असतो. पण मला त्यांचा भरवसा नाही. पंप मारता मारता गप्पा मारतात.

गोजरबाई : मंग तुमी आत्ता काय करताय?

पद्मा : ...विनू! पायरी! गोजरबाई, जरा धरा हो तिला. माझा हात सुटायचा नाही.

गोजरबाई : ये गं माझी बाय, ये. टोपलीतलं वांगं देती तुला. आई आई आई! चावली की वो!

पद्मा : परक्या माणसाकडं जात नाही ती. विनू, रडू नको. मी इथंच आहे.

गोजरबाई : आवो, माशावानी सुळकी मारतीया हातातनं. ही काय माझ्याच्यानं ऱ्हायची न्हाय. गेली, गेली पान्याकडं!

पद्मा : पंप घ्या. पंप घ्या तुम्ही! असा, वर आणि खाली. एका लयीत. थांबायचं नाही.

गोजरबाई : एका लयीत व्हय? जात्यावर जलम गेला माझा. जावा तुमी.

पद्मा : सापडली. ओली झालीस की गं. गप, गप आता.

गोजरबाई : *नरहरीच्या दारी दोन नद्या गं नांदती...*

पद्मा : ओवी कशाला?

गोजरबाई : तिच्याबिगर हात चालत न्हाय. *येकीच्या पान्याला दुसरी परकं न्हाय म्हनती...* बगा, कसं झ्याक चाललंय.

पद्मा : हो. चाललंय खरं. विनू, ते बघ बाबांचे बुडबुडे. ते बघ... गोजरबाई, बुडबुडे थांबले.

गोजरबाई : आलं की परत.

पद्मा : मधे थांबले होते. तुम्ही थांबलात?

गोजरबाई : न्हाय बा. ओवी सरली की घास घालाय थांबली आसन, तेवढंच.

पद्मा : कसला घास?

गोजरबाई : जात्याला, मूठभर ज्वारीचा... आगं बया. हात आपसूक गेला बगा.

पद्मा : दर ओवीला?

गोजरबाई : दर ओवीला.

पद्मा : मारत राहा. आता गाऊ नका, नुसतं मारा. यांच्या कमरेची दोरी कुठाय? तीन हिसके म्हणजे वर. यांच्याकडून एकही आलेला नाही. मीच ओढते.

गोजरबाई : नरहरी, नरहरी, तूच रं बाबा...

पद्मा : आले. डबा काढा आधी. बरे आहात ना? बोला काहीतरी.

रमाकांत : का ओढलीस?

पद्मा : हवा मधे मधे थांबत होती.

रमाकांत : ठाऊक आहे. डब्यातलं पाणी हनुवटीला लागायचं, परत खाली जायचं.

पद्मा : मग दोरी नाही हलवलीत?

रमाकांत : हलवली असती तर ते पळाले असते. पद्मा, खडस मासे! केवढाले! इतके रविवार आम्हाला नुसती शेपटं दिसली. बुडबुड्यांच्या आवाजाला सगळे कपारीत शिरायचे. आज आवाज थांबला की हळूच बाहेर. एक तर काचेला येऊन भिडला. मिशा बघितल्या मी त्याच्या. तुला थांबायचं सुचलं कसं?

पद्मा : मी नव्हते. या गोजरबाई. बावड्याच्या. वांगी घेऊन पलीकडं निघाल्यात.

गोजरबाई : चुकलं मास्तर. सवय पडलीया हाताला.

रमाकांत : चुकलं कसलं! पुन्हा उतरतो मी.

पद्मा : आज नाही. ओठ बघा तुमचे.

रमाकांत : बरं, पुढच्या रविवारी. वसंतलाच सांगतो, मधे मधे थांबत जा म्हणून.

पद्मा : वसंतराव गप्पा संपेपर्यंत थांबतील.

रमाकांत : मग तू थांब.

पद्मा : माझ्यानं थांबवणार नाही.

गोजरबाई : नाव लागली वाटतं. निगती मी. पोरीला मीठमोहऱ्या ववाळून टाका, लई रडली.

पद्मा : गोजरबाई, पुढल्या रविवारी याल इकडून?

गोजरबाई : वांगी हायती तवर येनारच. पन त्या पंपाला हात लावायची न्हाय, सांगून ठिवती.

पद्मा : लावा. मी विनूला घेऊन शेजारीच बसेन. ओवीही म्हणा. फक्त घास लहान घाला.