कोल्ह्याचं पान

नाही, खाली नका टाकू, गेलूकाका — बरण्यांच्या वर ठेवा, लोकर आहे, चेपते. पिशवीवर आईचं नाव-गाव लिहिलंय, रोदिका, पादोवा. स्वेटर आहे, तिच्यासाठी. मीच विणलाय, हो — याश शहरातलं कॉलेज सोडून आलेल्या पोरीला दुसरं काम काय, आजी गावभर हेच सांगत फिरते, तुमच्या व्हॅनपर्यंतही आलं असेल. आणि आजी स्वतः? धागा मानेमागून घेते आणि सुलट-उलट, सुलट-उलट, जन्मभर एकच नमुना, अख्खं घर त्याच राखाडी पोत्यात घातलंय तिनं. विणकामाचं मासिक दाखवलं — एक बाही हिरवी, एक पिवळी, पाठीवर हे एवढं भोक, आणि मॉडेल रुसल्यासारखी बसलेली — तर म्हणे, या बयेला कुणीतरी जेवायला घाला.

आईनं पाठवलेली मासिकं तुम्हीच तर आणता, कॉफीच्या पुड्यांबरोबर, ती परदेशी कामाला गेली तेव्हापासून. ती तिकडे कुणा म्हातारीची सेवा करते, इकडे पोरीनं मासिकं चाळावीत — ठीक आहे. इटालियन मला येत नाही, पण आकृती कळते, चौकटी बघायच्या आणि टाके घालायचे. एखादं पान आवडलं ना, की वाटतं आईचंही बोट इथेच लागलं असणार, याच कोपऱ्याला — जाऊ दे. मूर्खपणा.

तुम्हाला ती पार्सलं द्यायला येते तेव्हा दिसते ना? जाड झालीय का? मासिकात मापं सगळी असतात हो, पण त्यातलं आईचं कुठलं, ते कोण सांगणार — फोनवर नुसता चेहरा दिसतो. मी आपलं मधलं धरलं. जांभळा, पुढे वेण्या, गळा सैल. ईस्टरला घालील म्हटलं. येतेय ना ईस्टरला? बाबा म्हणतात येतेय. बाबा दरवर्षी म्हणतात, हातात ग्लास धरून.

हिवाळ्याच्या अंकात एक कोल्हा होता. नारिंगी, छातीवर तोंड, शेपूट वळून पार पाठीवर. लहान मुलाचा स्वेटर होता तो, पण मी म्हटलं, वाढवून स्वतःला विणू. लोकर आणली, अंक उघडते तर आकृतीचं पान फाडलेलं. आजीवर तुटून पडले मी, चुलीत घातलंस म्हणून. ती गप्प. आणि आजी कधी गप्प बसते?

मग परवा रविवारी फोनवर — आईच्या मागून एक पोरगा पळत गेला. चारेक वर्षांचा असेल. अंगात तो कोल्हा, त्या फाडलेल्या पानावरचाच. मी म्हटलं, कोण गं? म्हणे, म्हातारीचा नातू. आणि लगेच रेंज गेली. बरं, नातू तर नातू. आई पगारी माणूस आहे, विण म्हटलं असेल, विणला.

तुम्ही बघितला असेल की. येतो तो तिच्याबरोबर? …येतो. हात धरून?

काय म्हणून हाक मारतो तो तिला, गेलूकाका?

टायरकडे काय बघताय. टायर ठीक आहे.

म्हणजे म्हातारीचा नातू वगैरे काही नाही. आणि आजीला ठाऊक होतं. बाबांनाही, म्हणून तो ग्लास. पाद्रीबुवांनाही असणार — उगीच नाही माझ्या डोक्यावर एवढा वेळ हात ठेवत. तुम्ही मोठी माणसं छान आहात हं. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि म्हणायचं, पोरीच्या जिवाला लागेल. आणि मी बसलेय तिचं माप शोधत.

आणा ती पिशवी. आणा म्हणते ना. स्वेटर राहू दे माझ्याकडे. हा लोकरीचा गुंडा तेवढा न्या — नारिंगी, त्या कोल्ह्यासाठीच आणलेला, पडूनच आहे. तिला सांगा… काही सांगू नका, नुसता द्या. त्या पोराची बाही आखूड झालीय, मनगट उघडं दिसत होतं. ती बाही आखूडच करते, माझीही करायची. खालून उसवून वाढवता येते. येतं तिला ते.

निघा आता. तुमच्यामागे ती बाई केव्हाची पिशव्या धरून उभी आहे.