माणूस अधिक सामान, नव्वद किलो

(बाहेरची खोली. दिवाणावर दोन बॅगा, जमिनीवर माणूस उभा राहील असा जुना लोखंडी काटा. आई, बाबा आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा.)

बाबा: साठ? हा साठचा आकडा कुणाचा?

आई: माझा. वजनाच्या रकान्यात वजनच लिहितात ना?

बाबा: तुझं वजन साठ होतं त्याला पंचवीस वर्षं झाली. मी साक्षीदार आहे.

मामा: दाजी, वय आणि वजन इकडंतिकडं झालं तर चालतं हो. सही करा, मला पाचच्या आत फॉर्म पाठवायचाय. बेटांवर जाणारं विमान पंधरा दिवसांतून एकदा. हे चुकलं की बसा हात चोळत.

बाबा: मेहुणेबुवा, तेहतीस वर्षं दुकानोदुकानी वजनमापं तपासत हिंडलो मी. पन्नास ग्रॅमचा काटा मारणाऱ्याला सोडलं नाही. आता घरातले सहा किलो सोडू?

आई: सहा कशावरून?

बाबा: त्यासाठीच तर माळ्यावरून काटा काढलाय. चढ.

आई: मी नाही चढत जा. पोरीला भेटायला निघालेय, पोतं आहे का मी तोलायला?

मामा: ताई, तिथं चढवणारच आहेत. नऊ जणांचं एवढंसं विमान ते. माणूस अधिक सामान, मिळून नव्वद किलो. वर गेलं की सामान तिथंच धावपट्टीच्या कडेला. आणि धावपट्टी म्हणजे काय, विमान उतरायच्या आधी शेळ्या हाकलाव्या लागतात म्हणे.

आई: म्हणूनच साठ लिहिलं ना. माझी बॅग झालीये तीस किलोची. साठ आणि तीस, नव्वद. आता तुम्हीच सांगा, बॅग कापू की मला कापू?

बाबा: तीस किलो? भरलंयस काय?

आई: दोन दुलया, मच्छरदाणी, कुकर, साबणाच्या चोवीस वड्या, मिक्सर...

बाबा: मिक्सर कशाला? तिथं वीज संध्याकाळी दोन तास.

आई: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बाबा: असंच. कुठंतरी वाचलं.

आई: कुठंतरी म्हणजे माझ्या कपाटात, पोरीच्या पत्रांच्या डब्यात.

मामा: चोराच्या मनात चांदणं. ताई, तू आधी चढ बाई.

आई: घ्या, चढले. बोला.

बाबा: सहासष्ट. ग्रॅम सोडून देतो.

आई: उपकार झाले.

मामा: म्हणजे बॅगेला उरले चोवीस. सहा किलो काढायचे. मिक्सर आणि कुकर ठेवला घरी की झालं. चढवू का बॅग? अगं आई गं. ताई, ही तीस किलोची आहे?

आई: परवा कोपऱ्यावरच्या भुसारी दुकानात तोलून आणलीये. तीसला एक छटाकही जास्त नाही.

मामा: इथं एक्केचाळीस दाखवतोय.

आई: मग काटा खोटा आहे. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून गंजला असेल. म्हणजे माझं सहासष्टही खोटं.

बाबा: माझा काटा खोटा नाही.

आई: मग आणा तुमची पितळी वजनं आणि दाखवा तपासून. एरवी माझा स्वयंपाकघरातला काटासुद्धा महिन्याला तपासता.

बाबा: कालच तपासलाय.

आई: मग आज पुन्हा. कुठंय ती पेटी?

बाबा: असेल कुठंतरी. बघावी लागेल.

आई: तुमची पेटी, आणि तुम्हाला बघावी लागेल? तू बॅग उघड रे. तळाशी हात घाल.

मामा: दुलईच्या पोटात काहीतरी लागतंय. लाकडी आहे. दाजी, जड आहे हो.

बाबा: हळू. पाच, दोन, दोन, एक आणि लहानांचं नि पेटीचं मिळून एक. अकरा किलो बरोबर.

मामा: तेहतीस वर्षं दुसऱ्यांना पकडलंत, आणि आज भर घालताना सापडलात तुम्ही.

आई: माझ्या बॅगेत का? तुमची बॅग काय शोभेला आहे? बघू ती. हे काय, नुसती वर्तमानपत्रं? वर एक टॉवेल? कपडे कुठायत तुमचे?

बाबा: मला निघायच्या दिवशी ताप येणार होता.

मामा: तारीख ठरवून?

आई: तू हसू नकोस रे. मला कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती त्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून निघाली, तेव्हा दारात उभं राहून काय म्हणालात? गेलीस तर मला फोन करू नकोस. तिनं नाही केला. हट्टी बापाची हट्टी लेक. आणि मी मध्ये बसलेय दोन वर्षं, दोघांच्या तोंडाकडे बघत.

बाबा: म्हणून तर मी येत नव्हतो. तू निवांत भेटली असतीस.

आई: मग ही वजनं?

बाबा: तिच्या दवाखान्यात बाळं तोलायचा काटा आहे, तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. जास्त दाखवतो म्हणजे काय, कळतंय का? दोन किलो चारशेचं नाजूक बाळ कागदावर धडधाकट ठरतं आणि घरी जातं. तिच्या ते लक्षात आलं म्हणून बरं. सगळ्यांच्या येतंच असं नाही. मी सगळं लिहून दिलंय, चार पानं. आधी रिकामा काटा शून्यावर आणायचा, मग एक किलोचं वजन, मग दोनचं. स्क्रू कुठला फिरवायचा त्याची आकृतीही काढलीये.

आई: उंटावरून शेळ्या हाकायच्या. मला तर घरातला बल्बसुद्धा बदलता येत नाही.

बाबा: ती करेल. हात चांगला आहे तिचा. आणि मी नाही आलो की माझे नव्वद किलो तुलाच. तुझा मिक्सरही जाईल, माझी पेटीही जाईल.

मामा: दाजी, तसं नसतं. तुम्ही नाही आलात तर तुमचे नव्वद पण येत नाहीत. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देतात. ताईला नव्वदच.

बाबा: असं कुठं लिहिलंय?

मामा: मागच्या पानावर. तुम्ही फक्त वजनाचा रकाना वाचलात.

बाबा: मग पेटी?

मामा: पेटी जाईल तर तुमच्याबरोबर. नाहीतर राहील तुमच्याबरोबर.

आई: एवढा जीव तुटतोय, तर मला सांगायचं तरी.

बाबा: तू विचारलंस का? तिनं स्पष्ट लिहिलं होतं, काट्याचं बाबांना विचार. आठ महिने झाले त्या पत्राला.

आई: घाबरले मी. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर तिला काय कळवलं असतं?

बाबा: मला वाटलं, तिनंच पुढच्या पत्रात लिहिलं असेल, राहू दे, नको विचारूस. रोज जेवताना वाट बघायचो. आज विचारेल, उद्या विचारेल. तू आपली आणखी एक पोळी वाढू का विचारायचीस.

आई: बरं. आता विचारते. लेकीचा काटा बिघडलाय, तुम्ही येऊन नीट करून द्याल का?

बाबा: बाजूला हो. मला चढू दे.

मामा: चौऱ्याहत्तर. म्हणजे सोळा उरले. अकरा पेटीचे, पाचांत तुमचे कपडे. चार शर्ट, दोन पायजमे. तिथं उकाडाच इतका की माणसं निम्मा दिवस पाण्यात असतात. आणि ताई, तुझा मिक्सर?

आई: काढला. कुकरही काढला. दोन तासांच्या विजेत राहतेय पोरगी, मातीच्या भांड्यातही शिजवत असेल. फॉर्म दे इकडं. साठ खोडून सहासष्ट लिहिते. झालं समाधान?

बाबा: खोडलेल्या जागी सहीही कर.

आई: केली. पण एक सांगा, विमानातून उतरल्यावर ती समोर आली की पहिलं काय बोलणार?

बाबा: विचारेन, काटा कुठंय?

मामा: दोन वर्षांनी बाप लेकीला भेटतो आणि विचारतो, काटा कुठंय?

आई: विचारू दे. तिला कळेल. काट्याला किती वेळ लागेल हो?

बाबा: तासभर. फार तर दीड.

आई: आणि परतीचं विमान पंधरा दिवसांनी. मग उरलेल्या दिवसांचं काय करणार?

बाबा: उरलेले कमीच पडतील गं.