छबुबाईंची जबानी

गुंडप्पा : ...आन् मग त्या भरल्या मैदानात, समदी शेतकरी माणसं, आन् तू हात जोडून म्हणालीस, "जनाबे-आली."

गंगासागर : अप्पा, पुरे की आता. महिना होऊन गेला त्या सभेला.

गुंडप्पा : नांदूरघाटचं गिऱ्हाईक अजून इचारतंय. गूळ हातात घेतंय आन् इचारतंय, शेठ, तुमची वकीलबाई आमाला कावून मुन्सफ समजती?

गंगासागर : सवय लागलीय हो. मोमिनाबादच्या कोर्टात उभी राहते तेव्हापासून उर्दूच बोलतेय. समोर चार माणसं दिसली की मुन्सफाला म्हणायचं तेच तोंडातून आपोआप निघतं.

गुंडप्पा : तेवढ्यावर भागलं व्हय? त्या म्हाताऱ्यानं इचारलं, निजामाचं जाऊन आमचं राज कधी यायचं? तर तू म्हणालीस, पुढची तारीख मिळावी.

गंगासागर : ते मी म्हटलं नाही. ते लोकांनी जोडलंय.

गुंडप्पा : जोडलं आसंल. पर तुला शोभतंय बघ. आता दिल्लीच्या परिषदेत तेवढं आसं करू नको. साऱ्या देशाची माणसं यायची तिथं, त्यात आपल्या मुलखाकडून बोलणारी तू एकटी बाई.

गंगासागर : मी दिल्लीला जात नाही.

गुंडप्पा : आँ?

गंगासागर : नाही म्हणून आजच कळवणार आहे. बुधवारी निघावं लागेल, आणि बुधवारीच छबुबाईंची जबानी आहे.

गुंडप्पा : देशमुखांच्या छबुबाई? त्यो शेताचा दावा? आगं, मग त्यो विठ्ठलरावाला दे. चांगला वकील हाय.

गंगासागर : चांगला आहे, पण पुरुष आहे. छबुबाई गोषातल्या. त्या कोर्टात येत नाहीत, कोर्टाचा माणूस त्यांच्या घरी येतो. मधे पडदा लावतात. तो बाहेरून विचारतो, त्या आतून सांगतात. विठ्ठलरावांनाही बाहेरच बसावं लागेल.

गुंडप्पा : बसू दे की. आवाज तर येतूय.

गंगासागर : आवाजच येत नव्हता, अप्पा. मागच्या खेपेला पडद्याआड मी होते म्हणून दिसलं. शेत दिराच्या ताब्यात, आणि आत छबुबाईंना खेटून बसलेली दिराची बायको. शेताचा प्रश्न आला की ती यांच्या मांडीला चिमटा काढायची. या गप्प. बाहेर लिहून घेणाऱ्याला वाटतंय, बाईला उत्तर येत नाही. शेवटी मी दोघींच्या मधे घुसून बसले, तेव्हा कुठे बोलायला लागल्या. आणि तेवढ्यात त्या दिवसाचं काम थांबलं.

गुंडप्पा : मांडीला चिमटा. देशमुखाच्या घरात.

गंगासागर : नवऱ्यामागे त्यांना तेवढं एकच रान आहे. बुधवारी मी आत नसले तर ते गेलं म्हणून समजा.

गुंडप्पा : गंगे, तुला हैदराबादला धाडली तवा भावकी माझ्या दारात येऊन बसली हुती. मी म्हणलं, आपल्या लिंगायतात गळ्यात लिंग बांधताना पोरगं का पोरगी कुणी बघत न्हाई, मग शिकवताना कावून बघायचं? तवापास्नं दोघं भाऊ माझ्याशी बोलत न्हाईत. ते काय तू ह्या सिरसाळ्यात बसावं म्हणून?

गंगासागर : वकील व्हावं म्हणून. मग वकिलाला साजेल तेच करतेय ना? आणि दिल्लीला गेले की वकिलीची सनद परत करावी लागेल. चळवळही करायची आणि कोर्टातही उभं राहायचं, हे या मुलखात चालायचं नाही.

गुंडप्पा : मी तर समद्या बाजाराला सांगून बसलो, पोरगी दिल्लीला निघाली म्हणून. खुशीत मापावरचा वरताळा बी मूठभर जास्तच टाकला लोकांना.

गंगासागर : तो काही मागून घेता येणार नाही आता.

(दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन थांबते. बरोबर कोणी नाही.)

गुंडप्पा : या बाई. काय देऊ? साखर आलीय नवी.

बाई : साखर नको. मागल्या खेपेची ओली निघाली.

गुंडप्पा : (हातातलं माप खाली ठेवतो.)

गंगासागर : काय झालं, अप्पा?

गुंडप्पा : ह्यो आवाज. आगं, देशमुखाच्या वाड्यावर माल घेऊन गेलो की पडद्यामागून ह्योच आवाज मला सांगतूय, साखर ओली हाय. तुझ्या जन्माच्या आधीपास्नं. तोंड आज बघतोय. बाईसाहेब, तुमी बाजारात?

छबुबाई : आले चालत.

गंगासागर : छबुबाई, एकट्या? घरी कळलं तर?

छबुबाई : कळलं आसंल एव्हाना. वेशीपास्नं समदी माझ्याकडंच बघत हुती. वकीलबाई, तुमी दिल्लीला निघालात म्हणं. तुमच्या अप्पांनी बाजारात सांगितलं, ते आमच्या घरापोत आलं. जाऊबाईला दोन दिसांपास्नं गाणी सुचायला लागल्यात.

गंगासागर : मी जात नाही. बुधवारी तुमच्याजवळ बसणार आहे.

छबुबाई : बसू नका. बुधवारी घरात पडदाच लागायचा न्हाई. मी मोमिनाबादला येते. मुन्सफाम्होरं उभी राहून सांगते काय सांगायचं ते. तिथं कशी चिमटे काढती बघू.

गंगासागर : थांबा. रागाच्या भरात ठरवू नका. पडदा एकदा सोडला की परत घेता येत नाही. घरातली माणसं तोंड फिरवतील.

छबुबाई : दिल्लीपायी तुमची ती सनद परत करावी लागती म्हणं. एकदा परत केली की पुन्ना देत्यात का?

गंगासागर : नाही देत.

छबुबाई : मग. तुमी ती सोडा, मी पडदा सोडते.

गुंडप्पा : गंगे, आता बोल की. म्हण, पुढची तारीख मिळावी.

गंगासागर : अप्पा, तुम्ही जरा गप्प बसा. ...छबुबाई, मुन्सफसाहेब तुमच्याकडे बघणार नाहीत. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ते सगळा वेळ छताकडे बघून बोलले. त्याचं मनावर घेऊ नका. आवाज मात्र खाली येऊ देऊ नका.

छबुबाई : माझं सारं आयुष्य भिताडापल्याड ऐकू जाईल आसं बोलण्यात गेलंय. माझ्या आवाजाची काळजी नको. तुमीच तेवढं बघा, दिल्लीत.

गुंडप्पा : आन् जनाबे-आली नको.

गंगासागर : विठ्ठलरावांना आत्ता निरोप धाडते. बुधवारी तेच तुमच्या बाजूनं उभे राहतील. मी जायच्या आधी उद्या येऊन सगळे प्रश्न एकदा तुमच्याकडून म्हणवून घेईन. आणि तिकडून आले की पहिली तुमच्याकडे.

छबुबाई : या. दारातनंच हाक मारा, मी भाईर यीन.

गुंडप्पा : बाईसाहेब, ऊन लई हाय. बैलं जोडतो, गाडीला वरून कापड टाकतो. घरी सोडतो तुमाला.

छबुबाई : गाडी नको, अप्पा. घाई न्हाई मला. जरा सिरसाळ्याचा बाजार बघून जाते. आजवर नुसता ऐकलाय.