अडकलेलं पेमेंट

बोईसरच्या बँकेत काउंटरवरून परत आलेला म्हातारा बायकोशेजारी बसला आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलायला लागला.

"सुलू, पैसे हायत. पण अडकलेत."

"कुठं अडकले? आपण तर कायच घेतलं नाय."

"काल पालघरला दुकानात कार्ड लावलं. पेमेंट मधीच राह्यलं. त्याला मिळालं नाय, आपल्यालाबी काढता येत नाय."

"कसलं दुकान?"

"कानाच्या मशीनचं."

"कुणाच्या कानाच्या?"

"तुझ्या. वाडीतनं हाका मारतो, तुला ऐकूच येत नाय."

"मंग मशीन?"

"पैसे सुटले की आणू. तीन दिवस लागतील, बोलली मॅडम."

"लागू दे. तोवर असंच जवळ बसून बोला."