बाळ आधी, झबलं मग

कळव्याच्या मंगलताई मशीनवर बसल्या बसल्या बोलत गेल्या, ते तसंच उतरवलं आहे.

माझं पहिलं झबलं माझ्या बापाच्या धोतराचं होतं. चिपळूणच्या पुढे आमचं गाव, आणि मी चौथी मुलगी, आता चौथ्या मुलीला कोण नवं कापड आणणार सांगा, पण आई बोलायची की नवं कोणी आणून दिलं असतं तरी मी तुला घातलं नसतं, तान्ह्या बाळाला जुन्याचंच घालायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे बाळाला टोचत नाय, आणि बटण नाय लावायचं, बंद लावायचे. हे काय मी शाळेत शिकलेली नाय, आईच्या मांडीशी बसून शिकली. सातवीला शाळा सुटली तेव्हा मला धड येत होतं ते एवढंच.

लग्न होऊन कळव्याला आली. आमचे हे तेव्हा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, आता रिटायर झालेत आणि दिवसभर मला सल्ले देतात. आमची रेश्मा शाळेत जायला लागली तशी मी वागळे इस्टेटला शर्टाच्या वर्कशॉपमध्ये लागली, काजाच्या मशीनवर. काज म्हणजे बटणाचं भोक हो. तेवीस वर्षं मी नुसती भोकं पाडली बघा. हसू नका, मी ह्यांना बोलायची, अख्ख्या ठाण्यातल्या साहेबांचे शर्ट माझ्यामुळे बंद होतात, नायतर पोटं दिसली असती सगळ्यांची.

मग वर्कशॉप हलवलं त्यांनी. भिवंडीच्याही पुढे, नवी मशीनं, काज आपोआप होतं, माणूस नको. आमचे मुकादम चांगला माणूस, मला बोलले, मंगलताई, तुम्ही या, दसऱ्यापर्यंत मी तुमची जागा राखून ठेवतो, धागे कापायला बसा. काय सांगू तुम्हाला, धागे कापायला! नवीन पोरगी आली की पहिल्या दिवशी तिला धागे कापायला बसवतात, आणि अशा किती पोरींना मी हाताला धरून मशीनवर आणलेलं. त्यांना बोलली, विचार करून सांगते. घरी आली, कुकर लावला, आणि रडली. तीन शिट्ट्या होईपर्यंत रडली, मग गॅस बंद केला आणि कोशिंबिरीला काकड्या घेतल्या.

रेश्मा लग्न होऊन डोंबिवलीला आहे, ठाण्यात कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. ती रविवारी आली आणि बोलली, आई, कोणाचं बारसं असलं की तुझ्याकडे झबल्या-टोपड्यासाठी रांग लागते, तू दुकान टाक. मी बोलली, गाळ्याचं डिपॉझिट तुझा सासरा भरणार काय. ती बोलली, गाळा नको, फोनवर टाकायचं. माझ्याकडे भिशीचे वीस हजार होते, तेवढेच, त्यातून कापड आणि मशीनची दुरुस्ती. तिच्या ओळखीतल्या एकाने नुसतं दुकानाचं पान बनवायचे चाळीस हजार सांगितले. रेश्मा बोलली, त्याला ठेव बाजूला, फुकटचं पान मिळतं, मी बनवते. आणि बनवलंन पण तिने, जेवायच्या आधी. नाव काय ठेवायचं, तर मी बोलली मंगल. तेवीस वर्षं कुठल्या शर्टावर माझं नाव लागलेलं नाय, आता लागू दे.

कल्याणच्या होलसेलवाल्याकडून मलमल आणली. नवी मलमल म्हणजे खळ लावलेली, पापडासारखी. ती मी रिठ्याच्या पाण्यात सात वेळा धुतली, सात वेळा वाळवली, म्हणजे नवीच पण आईच्या जुन्यासारखी. शेजारी विचारायचे, मंगलताई, घरात किती धोतरवाले आले. मग फोटो. खिडकीत पांढरी चादर, उजेड पाडायला स्टीलची परात, ती हे धरून उभे. झबलं उशीवर नीट बसलं, पण टोपडं बसेना, चपटं दिसायला लागलं. बाळ कुठून आणणार? मग ह्यांनी देव्हाऱ्यापुढचा नारळ आणला, त्याला टोपडं घातलं, बंद बांधले, आणि शेंडी आत खोचली. इतकं गोड दिसलं ना! रेश्मा हसून हसून जमिनीवर बसली. तो फोटो अजून आहे पानावर, लोक विचारतात, बाळ कोणाचं. त्या नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी केली.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला ते. रेश्माने मला बजावलेलं, आई, ऑनलाइनमध्ये स्पीड पाहिजे, आज ऑर्डर आली की उद्या माल दारात. पहिली ऑर्डर नौपाड्यातून आली, एका सुनबाईंची, सकाळी. मी बोलली उद्या कशाला, फोटोतलं तयार आहे, आजच. संध्याकाळी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी स्वतः गेली, पुडक्याला लाल दोरा बांधलेला, केसात गजरा माळलेला, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. दार उघडलं सासूबाईंनी, शिक्षिका असाव्यात, तसा आवाज. काय आणलंत? मी कौतुकाने बोलली, झबलं आणलं बाळाचं. त्यांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. अहो बाई, सून आमची आठव्या महिन्यात आहे, बाळ यायच्या आधी त्याचे कपडे कोणी घरात आणतं का? तुम्ही मराठी ना? तुम्हाला कोणी शिकवलं नाही का काही? मागे ती सून बिचारी हात जोडून माझी माफी मागत होती.

मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कारण मला शिकवलेलं होतं की हो! रेश्माच्या वेळी सातव्या महिन्यापासून मी शिवायची ते शेजारणीच्या घरी ठेवायची, आमच्या घरात लंगोटसुद्धा आणलेला नाय. मग विसरली कशी? विसरली नाय, मला वाटलं फोनवरचे लोक वेगळे असतात. अहो, फोनवरचे लोक म्हणजे तेच, घरातलेच.

पुढचीही दोन पुडकी तशीच परत आली. रेश्मा चिडली. आई, कुठल्या जमान्यात आहेत हे लोक, बाळाला काय कळतं कपडे कधी आले ते! तिने पानावर लिहिलं, महिनाभर आधी मागवा, सूट मिळवा. एक कुत्रं फिरकलं नाय. आणि बाळ झाल्यावर जे मागवायचे त्यांची वेगळीच घाई, बारसं बाराव्या दिवशी आणि ऑर्डर अकराव्या, मी माप विचारून शिवून इस्त्री करून पाठवणार तोवर बारशाच्या घुगऱ्या खाऊन लोक मोकळे. आधी चालत नाय, नंतर पोचत नाय. दसरा आला जवळ. मी मशीनवर कापड घालून ठेवलं आणि ह्यांना बोलली, भिवंडीची बस कुठून सुटते ते बघून ठेवा. हे उठून बसची चौकशी करायला गेले. सल्ला द्यायचाच होता तर तेव्हा नाय दिला.

आणि दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी नौपाड्याच्या त्याच सासूबाईंचा फोन. मी बोलली, आता काय राहिलं बोलायचं. तर त्या बोलल्या, मंगलताई, ते झबलं विकलंत का कोणाला? मी बोलली, नाय. त्या बोलल्या, मग विकू नका. त्या दिवशी मी फार बोलले, पण पुडक्याच्या फटीतून मी पाहिलं होतं, शिवण बाहेरून आहे, अशी आमची आई शिवायची. ते आमचंच आहे, पण राहू दे तुमच्याकडे. बाळ आलं की फोन करते, घेऊन या.

मी फोन हातात धरून तशीच उभी. राहू दे तुमच्याकडे! आई गं, एवढं सोपं होतं! मी माझा कप्पा द्यायचा, बस. गिऱ्हाइकाने आधी मागवायचं, मी शिवून, धुऊन, इस्त्री करून, पुडक्यावर बाळाच्या आईचं नाव घालून माझ्याकडे ठेवायचं, त्यांच्या घरात बाळाआधी काही जात नाय, आणि बाळ आलं की त्यांचा मेसेज, आणि त्याच दिवशी आमचे हे स्कूटरवर. ठाण्यापासून कल्याणपर्यंत, त्याच्या पलीकडे नाय. ह्यांचं कपाट मी तिथल्या तिथे रिकामं केलं, शर्ट गेले खुंटीवर. रेश्माला फोन लावला. ती बोलली, आई, तू अंधश्रद्धेचं गोडाऊन काढतेस. मी बोलली, तू बटण लाव. कुरकुरत लावलंन तिने, बाळ आल्यावर पाठवा, असं.

दसऱ्याला कप्प्यात चौदा पुडकी होती. चौदा! मी मशीनची पूजा केली, झेंडू वाहिला, आणि मुकादमांना फोन केला, साहेब, माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या. ते बोलले, काय झालं? मी बोलली, मी इथे मालकीण झाली. त्यांना काय कळेना, मग हसले, आणि बोलले, माझ्या सुनेचं फेब्रुवारीत आहे, एक पुडकं ठेवा. पंधरावं ते.

आता मेसेज कसे येतात तुम्हाला दाखवते. हे बघा, एकीने नुसतं लिहिलंय, आली. एवढंच. ह्या दुसऱ्याने तर हॉस्पिटलातून फोन केला, बायकोच्या नावाने पुडकं आहे, आणि आनंदाने त्याला बायकोचंच नाव आठवेना. एकीने लिहिलं, दोघं आहेत, आणि आम्ही एकाचंच शिवलेलं, तेव्हापासून जास्तीचा एक जोड मी शिवूनच ठेवते. मुलगा की मुलगी मी विचारत नाय, सगळं पांढरं, काठाला पिवळी रेघ. एक पुडकं मात्र तसंच आहे, वर, डाव्या कोपऱ्यात. त्याचा मेसेज आला नाय. मी चौकशी केली नाय आणि ते कोणाला विकलंही नाय, ते त्या बाळाचं आहे. दिवा लावते तेव्हा त्या पोरीसाठी पण हात जोडते.

आणि आता खरी गंमत. पावसाळ्यात एक ऑर्डर आली, नाव रेश्मा, पत्ता डोंबिवली पूर्व, खाली लिहिलेलं, बाळ आल्यावर पाठवा. मला वाटलं हिने परत बटण चालतंय का बघितलं, ती करते असं अधूनमधून. फोन केला, काय गं, टेस्टिंग काय? ती हळूच बोलली, नाय आई, खरी ऑर्डर आहे.

मी किंचाळलीच. हे परात घेऊन धावत आले, त्यांना वाटलं फोटो काढायचाय. मग मी तिला चिडवलं, अगं तुझा तो जमाना कुठे गेला, घरी पाठवू का उद्याच, स्पीडमध्ये? तर बोलते, गप ना आई, राहू दे तुझ्याकडेच. आणि पैसे पूर्ण भरले हं तिने, सूट घेतली नाय. बोलली, गिऱ्हाईक आहे मी.

तिचं झबलं मी मलमलीचं नाय शिवलं. ह्यांचा ड्रायव्हरचा पांढरा शर्ट होता, आमच्याच वर्कशॉपमधला, वीस वर्षं धुतलेला, लोण्यासारखा झालेला. त्याची बटणं काढली, काजांची पट्टी कापून टाकली, मीच पाडलेली काजं ती, आणि उरलेल्याचं शिवलं. शिवण बाहेरून. ह्यांनी इस्त्री गरम करून दिली.

आता तिला नववा लागलाय. ते बघा, मधल्या कप्प्यात, सगळ्यांच्या रांगेतच ठेवलंय, तिची मी आई असली तरी नंबर नंबराप्रमाणे. फोन इथे मशीनवर असतो, आवाज मोठा करून, हे स्कूटरची चावी खिशातून काढत नायत, आंघोळीला जाताना पण मला देऊन जातात. देव करो आणि सगळ्या पोरी हातीपायी सुखरूप सुटोत. तुमच्याकडे कोणाचं असलं तर संकोच करू नका, कप्प्यात जागा आहे. आणि बोलता बोलता फोन वाजला तर रागावू नका हं, मी अशीच उठणार आहे, तुमचा चहा तुम्ही गाळून घ्या.