हौसेचा माल वेगळा, गाडी वेगळी

संदीपची स्पोर्ट्स कार खरं तर त्याच्या बायकोमुळे आली, राव! सांगवीत एक जुनी, मॉडिफाय केलेली गाडी विकायला होती. संदीप, रेखावहिनी आणि मी बघायला गेलो. मालक म्हणाला, "नुसत्या सायलेन्सर, चाकं, सीटवर तीन लाख घातलेत. गाडीच्या भावावर तेवढे तरी निघायला हवेत."

संदीपचा चेहराच पडला. वहिनींनी विचारलं, "भाऊ, ओरिजिनल पार्ट ठेवलेत का?"

"आहेत ना, माळ्यावर."

"मग तेच बसवून द्या. तुमचा हौसेचा माल हौशी माणसाला विका. आम्ही नुसत्या गाडीचा बाजारभाव देतो."

मालकाने हसत हात पुढे केला. "ताई, हे आधी सुचलं असतं तर गाडी केव्हाच गेली असती!"

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, नाही सुचलं. आमच्यासाठी थांबली होती ती."