बिनआवाजाची कप्तान

(कळंबच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना, शेवटचा डाव. दोरीबाहेर सतरंजीवर दोघी शेजारणी.)

नंदाबाई : अवं, बस ना खाली! तू उभी राह्यली की मले नुसती तुही ओढणीच दिसते.

रुबीना : बसवत नाही हो मावशी. त्यांची कप्तान पाहा, कशी ओरडून राहिली! आणि आमची नाहिद? तोंडात गुळणी धरल्यासारखी.

नंदाबाई : काल सांजच्याले तं तुमच्या घरातून लय आवाज येऊन राह्यला होता. मले वाटलं, भांडण लागलं.

रुबीना : प्रॅक्टिस घेत होते तिची. छतावर उभी केली, म्हटलं ओरड, 'उठ! पळ!' तर म्हणते कशी, 'अम्मी, बाजूची बकरी घाबरते.'

नंदाबाई : माहीच बकरी. घाबरलीच होती ते. पण तुह्या आवाजानं.

रुबीना : हसू नका हो. सरांनी साफ सांगितलंय, आजचा सामना गेला तर कप्तान बदलणार. कप्तानाच्या आवाजानं मैदान हललं पाहिजे म्हणतात. आणि ही... वर्षभर पोरींच्या मागं फिरली, एकेकीला घरून बोलावून आणलं, तिच्या हातून हे गेलं तर मोडून जाईल मावशी.

नंदाबाई : पण तिनं केलं काय? माह्या मैत्रीले शेवटच्या तुकडीत ठेवलं! माही नात हाय तरी सांगते, कालच्या सामन्यात उतरली अन् उतरल्याबरोबर बाद.

रुबीना : मीही तेच म्हटलं. कच्ची पोरगी आधी उतरवून टाक, गेली तर गेली. ऐकलंच नाही.

नंदाबाई : कच्ची?

रुबीना : ...तसं नाही हो मावशी.

नंदाबाई : राहू दे. खरंच हाय. अवं, ते पाह्य, संगीता गेली!

रुबीना : या अल्ला! खांबापाशीच धरली. आता नाहिद आणि मैत्री, दोघीच राहिल्या. दोनच गुणांनी पुढे आहोत. दोघींतली एक तरी शिट्टीपर्यंत टिकली पाहिजे.

नंदाबाई : मैत्री काहून थांबली? पळ ना वो पोट्टे! पाय रुतले काय तिचे?

रुबीना : नाहिद, आवाज दे तिला! आवाज दे! अगं, ही कुठे चालली? तिकडे नको, तिकडे त्यांची पकडणारी आहे—

नंदाबाई : मधात घुसली! मैत्रीच्या अन् तिच्या मधात!

रुबीना : ...बाद. माझी नाहिद बाद.

नंदाबाई : आता माही एकटी. मी नाही पाहत माय, डोळे मिटले म्या. तूच सांग.

रुबीना : उघडा डोळे! मैत्री पळाली! मावशी, आत-बाहेर, आत-बाहेर... खो दिला त्यांनी... हुकवलं!

नंदाबाई : कोणं? आमच्या मैत्रीनं?

रुबीना : परत हुकवलं! खांबाला वळसा घातला! पळ बेटा, पळ!

नंदाबाई : माह्या कानात नको वो! तुलेच करा म्हणा कप्तान!

रुबीना : आणि नाहिद पाहा, दोरीपाशी बसली. नुसती मैत्रीकडे पाहून राहिली. एक शब्द नाही... शिट्टी! मावशी, शिट्टी झाली! जिंकलो!

नंदाबाई : जितलो माय! जितलो! सोड, गळा दाबशील माहा. अन् हे आली पाह्य तुही लेक. ये वो कप्तान! खरं सांग, माह्या नातीले शेवटी काहून ठेवलं?

नाहिद : ती आधी घाबरते, आजी. जरा वेळ बसून पाहू दिलं की भेव संपते तिचं. मग कोणाच्याच हाती लागत नाही. काल मी घाई केली, पहिलीच उतरवली. आजही थोडं भेव राह्यलंच होतं, म्हणून मी मधात गेली.

रुबीना : पण आवाज का नाही दिला?

नाहिद : घाबरलेल्यावर ओरडलं तर ते अजून घाबरते ना, अम्मी.

रुबीना : हे कोणी शिकवलं तुला? सरांनी?

नाहिद : तू. पहिलीत मी फाटकाच्या आत जात नव्हती. बाकीच्यांच्या आया ओरडायच्या, ओढून न्यायच्या. तू मला घेऊन बाजूच्या दगडावर बसायची. म्हणायची, पाहून घे आधी.

नंदाबाई : चला वो, सर बोलावून राह्यले. कप घ्यायले कप्तान पाहिजे म्हणतात. ऊठ रुबीना.

रुबीना : तुम्ही व्हा पुढे. एवढ्या लोकांसमोर यायची भीती वाटून राहिली मला.

नाहिद : बस अम्मी. पाहून घे आधी. मी आहे इथं.